पीपीएतलं कलम आणि आयोगाचं रेग्युलेशन भिडलं, तर चालतं कुणाचं?

प्रश्न अथणी तालुक्यातून आलाय. थोडक्यात असा: "आम्ही दोघा भावांनी शेतात एक मेगावॅटचा सोलर प्लांट घातला. वितरण कंपनीबरोबर पंचवीस वर्षांचा वीज खरेदी करार (पीपीए) झाला, दर त्यात लिहिलेला आहे. आता ऑफिसात सांगतात, आयोगाचा नवा नियम आलाय, करारातला दर धरून बसू नका. साखर कारखान्याच्या कोजनमध्ये, म्हणजे वीजनिर्मिती विभागात, कामाला असलेला आमचा भाचा म्हणतो, सही-शिक्क्याचा करार कुणालाच मोडता येत नाही. खरं काय समजायचं?"

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. राज्याच्या वीज नियामक आयोगाने वीज कायद्याखाली केलेलं रेग्युलेशन करारातल्या विरोधी कलमावर मात करतं, करार कितीही जुना असो. भाच्याला हे पटवून घ्यावं लागेल. पण ऑफिसात 'नियम' म्हणून समोर ठेवला जाणारा प्रत्येक कागद रेग्युलेशन नसतो. आदेश, परिपत्रक, पत्र, मीटिंगचा इतिवृत्तांत यांना ती ताकद नाही. म्हणून तुमची लढाई 'करार मोठा की नियम मोठा' या वादात नाहीच. तुमच्या हातात दिलेला कागद कोणत्या जातीचा आहे, यावर ती ठरणार आहे.

मुळात करारावर रेग्युलेशन चढतं कसं? घर भाड्याने देताना मालक आणि भाडेकरू यांच्यात जे ठरेल ते ठरेल. विजेचं तसं नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ८६(१)(ब) प्रमाणे वितरण कंपनी कुणाकडून, कोणत्या दराने, कोणत्या करारान्वये वीज घेते यावर राज्य आयोगाचं नियमन असतं. आपल्याकडे तो आयोग म्हणजे बेंगळुरूचा कर्नाटक विद्युत नियामक आयोग, म्हणजेच केईआरसी. म्हणजे करारात दिसायला दोन सह्या असल्या तरी तिसरा पक्ष पहिल्या दिवसापासून बसलेला असतो, आणि त्या पक्षामागे वीजबिल भरणारा प्रत्येक ग्राहक असतो. जास्तीचा दर कंपनी स्वतःच्या खिशातून देत नाही. तो चिक्कोडीच्या पिठाच्या गिरणीवाल्याच्या आणि निपाणीच्या दुकानदाराच्या बिलात उतरतो.

यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा १५ मार्च २०१० चा निकाल आहे, पीटीसी इंडिया विरुद्ध केंद्रीय विद्युत नियामक आयोग. केंद्रीय आयोगाने २००६ मध्ये रेग्युलेशन काढून वीज व्यापाऱ्यांच्या मार्जिनवर युनिटला ४ पैशांची मर्यादा घातली होती. व्यापारी कंपन्या भांडल्या. घटनापीठाने सांगितलं की कलम १७८ खालचं रेग्युलेशन हे दुय्यम कायदेनिर्मिती आहे, ते नियामक चौकटीचा भाग म्हणून चालू करारांतही शिरतं आणि त्यांच्यावर मात करतं. पक्षकारांनी आपले आधीचे आणि पुढचे करार त्याच्याशी जुळवून घेतले पाहिजेत, तो त्यांच्यावरचा कायदेशीर भार आहे. राज्य आयोगाला रेग्युलेशन करण्याचे अधिकार कलम १८१ ने दिलेत आणि तिथेही तर्क तोच लागतो.

याच निकालातली दुसरी गोष्ट लोक विसरतात. रेग्युलेशनच चुकीचं आहे, कायद्याच्या बाहेर जातंय, असं म्हणायचं असेल तर दिल्लीच्या वीज अपिलीय न्यायाधिकरणात, म्हणजे अपटेलमध्ये, ते म्हणता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट करावं लागतं. बेळगाव, चिक्कोडी, अथणीकडच्या माणसाला त्यासाठी धारवाड खंडपीठ आहे. अपटेल फक्त आयोगाच्या आदेशांविरुद्धची अपिलं ऐकतं. चुकीच्या दारात गेलेल्या माणसाची वर्षं वाया जातात, आणि तोवर बिलं कमी दरानेच निघत राहतात.

आता कागदाकडे या. जो 'नियम' दाखवला त्याची पूर्ण प्रत मागून घ्या, मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका. रेग्युलेशन असेल तर पहिल्याच पानावर ते कलम १८१ मधल्या अधिकारांत केलं असल्याचा उल्लेख असतो, वर्षासकट नाव असतं, आणि ते कधीपासून लागू हे पहिल्या एक-दोन तरतुदींतच सांगितलेलं असतं. त्याचा मसुदा आधी प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, अंतिम रूप राजपत्रात यावं लागतं, आणि कलम १८२ प्रमाणे ते विधिमंडळापुढे ठेवावं लागतं. एवढ्या वाटेने आलेला कागदच तुमच्या करारावर चढू शकतो. वर जावक क्रमांक, 'संदर्भ' म्हणून दोन-तीन पत्रं आणि खाली कार्यकारी अभियंत्याची सही, असा कागद असेल तर तो कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार आहे. कराराचा एक पक्ष दुसऱ्याला पत्र लिहून दर बदलू शकत नाही. सरकारच्या धोरणाचंही तेच. सोलर धोरण २०१४-२१ मध्ये काय लिहिलंय यावरून तुमचा दर ठरत नाही, तो आयोगाने ठरवलेला किंवा मंजूर केलेला असावा लागतो.

रेग्युलेशन निघालं तरी त्यात दोन गोष्टी शोधा. ते चालू करारांना लागू आहे की फक्त पुढच्या? काही रेग्युलेशनांत आधीच्या पीपीएंना स्पष्ट वगळलेलं असतं. आणि विरोध नेमका कोणत्या कलमाशी आहे? मात होते ती तेवढ्याच कलमावर. दराच्या कलमाशी भिडणारं काही आलं म्हणून कराराची मुदत, मीटर रीडिंगची पद्धत, बिल देण्याची तारीख हे काही उडून जात नाही. मागच्या तारखेपासूनची वसुलीही सहजासहजी चालत नाही. मूळ कायदा तशी मुभा देत नसेल तर रेग्युलेशनला पाठीमागे हात घालता येत नाही.

तुमच्या बाबतीत मला संशय आहे की तो कागद रेग्युलेशन नाही, आयोगाचा दर-आदेश आहे. आणि कर्नाटकातल्या शेतकऱ्यांच्या सोलर प्रकल्पांचा खरा पेच तिथेच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

जमीनमालक शेतकऱ्यांसाठी १ ते ३ मेगावॅटच्या सोलर प्रकल्पांची योजना आली तेव्हा आयोगाच्या १० ऑक्टोबर २०१३ च्या आदेशाचा दर युनिटला ८ रुपये ४० पैसे होता. ३० जुलै २०१५ च्या आदेशाने तो ६ रुपये ५१ पैसे झाला आणि एप्रिल २०१७ च्या आदेशाने ४ रुपये ३६ पैसे. पॅनेलच्या किमती उतरत होत्या, दर उतरणं स्वाभाविक होतं. पण प्रत्येक आदेशात तो कोणत्या तारखांमधल्या करारांना आणि कोणत्या तारखेपर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांना लागू हे लिहिलेलं असतं. नवा दर-आदेश आला म्हणून आधीच्या पीपीएचा दर आपोआप घसरत नाही.

घसरतो तो पीपीएतल्याच एका कलमामुळे. तुमचा करार काढा आणि दराचं कलम शोधा. या योजनेच्या करारांत ते साधारण ५.१ ला सापडतं. प्रकल्प ठरल्या मुदतीत सुरू झाला नाही आणि दरम्यान आयोगाचा दर बदलला, तर दोन्हींतला कमी दर लागेल, असा त्याचा आशय असतो. म्हणजे ऑफिसात 'आयोगाचा नियम' म्हणून जे सांगतात ते बऱ्याचदा तुमच्याच सहीचं कलम असतं. तिथे करार विरुद्ध नियम असा सामना नाहीच. मुदतीत प्लांट सुरू झाला का, आणि झाला नसेल तर उशीर कुणामुळे, एवढाच प्रश्न उरतो.

उशिराची कारणं आपल्या भागात कुणाला सांगायला नकोत. बिगरशेतीच्या परवानगीची फाइल, सातबाऱ्यासारखा इथला जो आरटीसी उतारा त्यातली नावं, सबस्टेशनवर बे (लाइन जोडण्याची जागा) मिळणं, लाइन ओढताना शेजाऱ्याच्या बांधावरचा खांब. यातली सरकारी परवानगी वेळेत न मिळणं हे करारातल्या दैवी आपत्ती वा अपरिहार्य कारणांच्या कलमात बसू शकतं. २७ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूची वितरण कंपनी विरुद्ध हिरेहळ्ळी सोलर या प्रकरणात हेच मान्य केलं. ते शेतकरी योजनेतलंच प्रकरण होतं. आयोगाने दर ८.४० वरून ६.५१ वर आणला होता, अपटेलने मूळ दर परत दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पण त्याच्या आदल्या वर्षी, चामुंडेश्वरी वितरण कंपनी विरुद्ध साईसुधीर या निकालात, सोलर कंपनीचा असाच बचाव टिकला नाही. दोन्ही निकाल मांडीवर घेऊन वाचले की एक गोष्ट ठळक दिसते: न्यायालय तारखा बघतं. अर्ज कधी केला, पाठपुरावा कधी केला, करारात सांगितलेली नोटीस कंपनीला त्या-त्या मुदतीत दिली का. "सगळ्यांना माहीत होतं की फाइल अडकली आहे" हे तिथे चालत नाही. तुमच्याकडे पोचपावत्या असतील तर त्या सोन्यासारख्या जपा. तहसीलदार कचेरीतल्या टपाल खिडकीचा शिक्का असलेली झेरॉक्सदेखील.

मुदतवाढीचं एक पत्र तुमच्याकडे असेल, कंपनीने दिलेलं. त्यावर आयोगाची मंजुरी आहे का ते बघा. इथे अनेक कुटुंबं फसली आहेत आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांनी समोरच्या अधिकाऱ्यावर विश्वास ठेवला एवढंच त्यांचं चुकलं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये सासन पॉवरच्या प्रकरणात सांगितलं आहे की ग्राहकाच्या खिशावर परिणाम करणारी सवलत दोन पक्ष आपसात देऊ-घेऊ शकत नाहीत, त्याला आयोगाची मान्यता लागते. हे दोन्ही बाजूंनी कापतं. कंपनीने प्रेमाने दिलेली मुदतवाढ उद्या आयोग बाजूला ठेवू शकतो. तसंच तुम्हाला बोलावून, स्टॅम्प पेपरवर 'पुरवणी करार' करून कमी दराला सही घेतली असेल, तर आयोगाच्या मान्यतेशिवाय तोही पक्का नाही. अशी सही करायची वेळ आलीच तर 'हक्क राखून' असं सहीजवळच लिहा आणि त्याच आठवड्यात पत्राने कळवा.

मग आयोग स्वतः, रेग्युलेशन न काढता, एका आदेशाने करारातला दर बदलू शकतो का? इथे न्यायालयाचे निकाल दोन दिशांनी ओढतात आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये गुजरातच्या तारिणी इन्फ्रास्ट्रक्चर या छोट्या जलविद्युत प्रकल्पाच्या प्रकरणात म्हटलं गेलं की पीपीएतला दर हा शेवटी आयोगाच्या नियमनाखालचा आहे, सार्वजनिक हितासाठी आयोग तो पुन्हा तपासू शकतो. २०१७ मध्ये सोलर सेमीकंडक्टरच्या प्रकरणात उलट बाजू आली. आयोगाने अंगभूत अधिकार वापरून दर-आदेशाचा कालावधी वाढवून दिला होता, तर न्यायालय म्हणालं की करारातल्या अटी अशा अधिकाराने पुसता येत नाहीत. माझं मत असं की दुसरा निकाल जास्त वजनाचा धरून चालावं. आयोगाला कायद्याने दिलेला ठोस अधिकार दाखवता आला तर तो हात घालू शकेल. नुसतं 'न्याय्य वाटतं म्हणून' नाही, ना कंपनीच्या बाजूने ना तुमच्या.

बोली लावून, म्हणजे कलम ६३ खाली, ठरलेला दर असेल तर तो हलवणं आणखी अवघड. तुमचा तसा नाही, म्हणून पुढे जातो.

उशिरा पैसे मिळण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सीमाभागातल्या प्रत्येक लहान उत्पादकाचं हे दुखणं असतं आणि करार-नियम संबंध तिथे फार स्वच्छ दिसतो. केंद्र सरकारचे विलंब अधिभाराचे नियम जून २०२२ पासून आहेत. आयोगाने ठरवलेल्या किंवा स्वीकारलेल्या दराच्या पीपीएंना ते लागतात. अधिभाराचा मूळ दर म्हणजे स्टेट बँकेचा एक वर्षाचा एमसीएलआर (कर्जावरचा किमान आधार-व्याजदर) अधिक ५ टक्के. उशीर वाढत गेला की दर महिन्याला अर्धा टक्का वाढ, पण मूळ दराच्या वर ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. समजा एमसीएलआर ८.५ टक्के आहे. मग सुरुवात १३.५ पासून आणि छप्पर १६.५ ला. पण नियमच पुढे म्हणतात की करारात लिहिलेल्या दरापेक्षा हा अधिभार जास्त असणार नाही. म्हणजे तुमच्या करारात कमी व्याज लिहिलं असेल तर तेच मिळेल. नियम करारावर चढतो, पण किती चढायचं हेही नियमच सांगतो. आलेली रक्कम आधी अधिभारात आणि मग सर्वांत जुन्या बिलात जमा धरायची, हेही त्यातच आहे. तुमच्या हिशेबाच्या वहीत तसं धरलंय का ते एकदा तपासा. बहुतेकांनी उलट धरलेलं असतं.

केंद्राचा नियम आहे म्हणून तो अभेद्य असतो असंही नाही. हरित ऊर्जा ओपन ॲक्सेसचे (कंपनीच्या तारा वापरून हव्या त्या उत्पादकाकडून वीज घेण्याचे) २०२२ चे केंद्रीय नियम आणि त्यावर बेतलेलं केईआरसीचं रेग्युलेशन कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवलं. कारण साधं होतं: जो विषय कायद्याने राज्य आयोगाकडे दिला, त्यात केंद्राच्या नियमाने शिरता येत नाही. त्यावर अवलंबून बँकिंगचा (वीज ग्रिडला देऊन नंतर परत घेण्याचा) किंवा व्हीलिंगचा (दुसऱ्याच्या तारांवरून वीज नेण्याचा) निर्णय घ्यायचा असेल तर त्या निकालाची आजची स्थिती वकिलाकडून लेखी घ्या.

करारात लवादाचं कलम असेल, 'वाद झाल्यास लवाद, ठिकाण अमुक'. ते धरून नोटीस पाठवत बसू नका. उत्पादक आणि वितरण कंपनी यांच्यातला वाद कलम ८६(१)(फ) प्रमाणे आयोगापुढे जातो. आयोग स्वतः निकाल देतो किंवा हवं तर लवादाकडे पाठवतो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, गुजरात ऊर्जा विकास निगम विरुद्ध एस्सार पॉवर, २००८. हा प्रश्न तिथे मिटला.

आता एक खास आपल्या भागाची गोष्ट. कागलला, गडहिंग्लजला पाहुणे असतात. त्यांचा महावितरणशी करार असतो, ते सांगतात की महाराष्ट्र आयोगाने अमुक दिलं, तमुक माफ केलं. ते त्यांचं. महाराष्ट्र आयोगाचं रेग्युलेशन राज्याच्या हद्दीपर्यंत, दूधगंगेच्या अलीकडे त्याचा करारावर कणभर परिणाम नाही. निपाणीत बसून कोल्हापूरच्या वकिलाने तयार केलेला अर्ज आयोगापुढे गेला आणि त्यात सगळे आधार महाराष्ट्राच्या रेग्युलेशनचे, असं मी पाहिलं आहे. हुक्केरी तालुक्यात वितरण सहकारी संस्थेकडे आहे, पण तीही परवानाधारकच, केईआरसीच्याच छत्राखाली. एखादी कंपनी दोन राज्यांना वीज विकण्याची योजना करत असेल तर मात्र विषय केंद्रीय आयोगाकडे जातो. एक मेगावॅटच्या प्लांटला याची चिंता नको. कोजनवाल्या मोठ्या कारखान्यांनी ती जरूर करावी.

भाच्यालाही त्याच्या कामाचं सांगतो. दुष्काळात, १६ ऑक्टोबर २०२३ ला, राज्य सरकारने कलम ११ वापरून राज्यातल्या उत्पादकांना वीज राज्याच्या ग्रिडला देण्याचा आदेश काढला होता. बाहेर विकायचे करार हातात असूनही. तिथे करारावर मात केली ती थेट कायद्याच्या कलमाने. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात नुकसान भरून देण्याची तरतूद आहे आणि ती रक्कम आयोग ठरवतो. कारखान्याने आपला करार, न मिळालेला दर आणि ग्रिडला दिलेली युनिटं यांचा हिशेब मांडून मागणी केली तरच ती मिळते.

तुम्ही आता करायचं ते असं. कंपनीला लेखी विचारा की दर कमी करण्याचा आधार कोणता, रेग्युलेशनचं किंवा आदेशाचं नाव, तारीख आणि कलम काय. माहिती अधिकारातही विचारता येतं. कागद कन्नड किंवा इंग्रजीत येईल. घरात कन्नड वाचता येतं म्हणून त्यावरच थांबू नका, तरतूद शब्दशः समजावून देणारा माणूस शोधा. उत्तर येईपर्यंत कंपनीला मासिक बिल करारातल्या दरानेच काढून द्या, आलेली कमी रक्कम 'अंशतः, हक्क राखून' म्हणून जमा धरा. आणि मुदत सांभाळा. आयोगापुढच्या थकबाकीच्या दाव्यालाही तीन वर्षांची मुदत लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने लँको कोंडापल्लीच्या निकालात सांगितलंय. पहिलं कमी बिल ज्या दिवशी निघालं तिथून महिन्यागणिक ती मुदत सरत जाते. आयोगाचा निकाल विरोधात गेला तर अपटेलला ४५ दिवस, आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात, तेही फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर, ६० दिवस.

पीपीएची प्रत, प्लांट सुरू झाल्याचा दाखला आणि बिगरशेती अर्जाची पोच हे तीन कागद समोर असल्याशिवाय याहून पुढचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका.